क्लच जळाला, पण दोष कोणाचा?

गो-कार्टला रेस द्यावी, इंजिनाने मोठा आवाज करावा, गाडी मात्र जेमतेम सरकावी आणि मागून क्लचच्या जळक्या लायनरचा, म्हणजे घासणाऱ्या अस्तराचा, उग्र वास यावा, असे झाले की बहुतेक जण थेट नवा क्लच आणून बसवतात. काही दिवसांत तोही जळतो, कारण चोर सोडून संन्याशाला फाशी दिली गेलेली असते.

होंडाच्या 196 सीसीच्या जीएक्स 200 सारख्या छोट्या इंजिनावर बहुधा सेंट्रिफ्युगल क्लच बसवतात. मोपेडमध्ये आणि बिनगिअरच्या स्कूटरमध्येही याच तत्त्वावरचा क्लच असतो. इंजिनाच्या शाफ्टबरोबर फिरणारे शू, म्हणजे लायनर लावलेले वक्र तुकडे, स्प्रिंगांनी आत ओढून धरलेले असतात; फेरे वाढले की ते बाहेर फेकले जाऊन भोवतीच्या ड्रमला घासतात, आणि ड्रमला जोडलेले स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, चेनमार्फत मागचा एक्सल (चाकांचा आस) फिरवते. बाहेर फेकणारे हे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फेरे दुप्पट झाले की बल चौपट होते. त्यामुळेच मिनिटाला 1400 फेऱ्यांवर मोकळा असलेला क्लच 2000 च्या आसपास पकडू लागतो आणि आणखी काही शे फेऱ्यांनंतर घट्ट बसतो.

घट्ट बसेपर्यंत तो घसरत असतो, आणि घसरण म्हणजे उष्णता. ब्रेक दाबून ठेवून रेस दिली, ड्रम थांबलेला आणि शू मिनिटाला 2000 फेऱ्यांनी फिरत असले, तर 10 न्यूटन-मीटर टॉर्कला सुमारे 2100 वॅट उष्णता तयार होते. न्हाणीघरातल्या गिझरची ही ताकद तळहाताएवढ्या लोखंडात कोंडली जाते. क्लच किलोभर वजनाचा धरला, तर त्याचे तापमान दर सेकंदाला साधारण साडेचार अंशांनी चढते, आणि मिनिटभरात ते 300 अंशांच्या घरात पोहोचते. त्या तापमानाला पोलादावर निळी झाक चढते. ड्रम उघडल्यावर आत मोरपिसासारखे निळे-जांभळे पट्टे दिसले, तर क्लच बराच काळ घसरत होता हे नक्की समजावे.

तो का घसरत होता, हा खरा प्रश्न आहे, आणि माझ्या मते पहिला संशय दातांच्या गुणोत्तरावर घ्यावा. पुढच्या, क्लचवरच्या स्प्रॉकेटला 12 आणि मागच्या, एक्सलवरच्या स्प्रॉकेटला 60 दात असतील, तर इंजिनाच्या पाच फेऱ्यांत चाक एकदा फिरते. चाकाचा व्यास 33 सेंटिमीटर आणि क्लच 2400 फेऱ्यांना घट्ट बसणारा असेल, तर गाडीने ताशी 30 किलोमीटरचा वेग गाठेपर्यंत तो घसरतच राहतो. पुढचे स्प्रॉकेट 10 दातांचे आणि मागचे 72 दातांचे केले, तर हाच वेग 21 किलोमीटरपर्यंत उतरतो. कमाल वेग घटतो खरा. पण अरुंद, वळणावळणाच्या ट्रॅकवर त्या कमाल वेगाचा उपयोग तसाही थोडाच असतो.

दुसरा संशयित म्हणजे ब्रेक. इंजिन बंद करून मागची बाजू उचलावी आणि चाक हाताने फिरवावे. चाक जड जात असेल, तर ब्रेक चिकटलेला आहे, बेअरिंग गेलेले आहे किंवा चेन फार ताणलेली आहे. दोन्ही स्प्रॉकेटांवर सरळ पट्टी टेकवली की ती एका रेषेत आहेत की नाहीत तेही दिसते; तिरकी चालणारी चेन दात एका अंगाने झिजवते.

आयडलिंगलाच, म्हणजे रेस न देता इंजिन नुसते चालू असतानाच, गाडी पुढे सरकत असेल, तर आयडलचे फेरे जास्त आहेत किंवा क्लचची स्प्रिंग तुटलेली आहे. इंजिन फिरते पण क्लच मुळीच फिरत नाही, असे दिसले तर क्लचला शाफ्टशी जखडणारी ‘की’ (धातूची छोटी पट्टी) तुटली आहे का ते पाहावे.

तेलाबाबत मात्र फार जपावे. स्प्रॉकेटखालच्या पितळी बुशला, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या नळीला, थेंबभर तेल लागते, ते न मिळाल्यास बुश शाफ्टला चिकटते आणि आयडलिंगलाही चेन ओढू लागते. तोच थेंब ओघळून शूवर गेला, तर चांगला क्लचही घसरू लागतो. म्हणून तेल घातल्यावर ड्रम हाताने दोन-चार वेळा फिरवावा आणि कडेला आलेले तेल कोरड्या फडक्याने लगेच पुसून घ्यावे.