जुनी फोर बाय फोर घेताय? आधी गाडीखाली शिरून बघा

(गॅरेजच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दिवाळी झाली की आमच्याकडे या चौकशा सुरू होतात. कुणाची पाटणच्या वर डोंगरात शेती असते, कुणी कोयनेच्या अंगाला होमस्टे चालवतं, कुणाला पुढच्या उन्हाळ्यात घरच्यांना घेऊन लडाखला जायचं असतं. बजेट चार-पाच लाख, गाडी वापरलेली चालेल, पण फोर बाय फोरच हवी, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी. मग प्रश्न येतो, "कुठली घेऊ?"

कुठली हा प्रश्न नंतरचा. या पैशांत मिळणारी बहुतेक गाडी दहा-बारा वर्षं रस्त्यावर राबलेली असते. एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन थार आमच्या पिटवर (गाडीखाली उतरून बघायच्या खड्ड्यावर) येतात, त्यातली एक अजून दहा वर्षं चालेल अशी असते आणि दुसरीची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, आतून गंजाने खाल्लेली असते. किंमत मात्र दोघींची जवळपास सारखीच सांगितलेली असते. म्हणून मॉडेलवर अडून बसू नका. दोन-तीन मॉडेलं मनात ठेवा आणि त्यातली जी गाडी खालून निरोगी निघेल ती घ्या.

दुसरं, हातातले सगळे पैसे गाडीत घालू नका. पाच लाख असतील तर चारपर्यंतची गाडी बघा. उरलेला लाख पहिल्या वर्षात लागतोच. टायर, क्लच, बुश, सगळी ऑइलं, बॅटरी, आणि पासिंग जवळ आलं असेल तर त्याचा खर्च. पैसे संपले म्हणून क्लच "बघू नंतर" म्हटलेली गाडी घाटातच बसते.

आणि खरंच फोर बाय फोर लागते का, हेही स्वतःला विचारा. वाट खडकाळ आहे पण कोरडी आहे, तर चांगल्या टायरची साधी बोलेरो पुरते, सांभाळायलाही स्वस्त पडते. लाल मातीचा चिखल, ओढ्याची वाळू, ओल्या चढावर माल घेऊन जाणं यातलं काही नेहमीचं असेल तर मात्र फोर बाय फोरला पर्याय नाही.

कुणाला कुठली

जिप्सी. १९८५ मध्ये आली, २०१९ पर्यंत मिळत होती. वजन टनाच्या आसपास, आणि हलकेपणा हाच तिचा मोठा गुण. थार रुतते तिथून जिप्सी वरच्यावर निघून जाते, आणि रुतलीच तर चार माणसं ढकलून काढतात. १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन साधं आहे, ते खोलणारा मिस्त्री तालुक्याला सापडतो. पण चारही बाजूंना पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), त्यामुळे बसणाऱ्याची कंबर बोलते, डोंगरात पेट्रोलही बरंच पिते. हौशी लोकांनी भावही चढवून ठेवलेत. एमपीएफआय इंजिनची (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल घेणारी), म्हणजे २००० नंतरची, मूळ अवस्थेतली मिळाली तरच जादा पैसे द्यावेत असं आमचं मत आहे.

जुनी थार, २०१० ते २०२०. आमच्या बहुतेक ग्राहकांना आम्ही हीच सुचवतो. सीआरडीई म्हणजे अडीच लिटरचं, १०५ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन. खालच्या गिअरला ताकद भरपूर, सुटे भाग सगळीकडे, आणि महिंद्राची गाडी न उघडलेला मिस्त्री आपल्या भागात शोधावा लागेल. पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी), मागे पाटे. २०१५ च्या बदलानंतर मागच्या डिफला (डावी-उजवी चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीला) मेकॅनिकल लॉक मिळू लागलं. एक चाक हवेत गेलं की साधं डिफ सगळी फिरकी त्याच चाकाला देतं आणि गाडी जागेवर उभी राहते. लॉक असेल तर जमिनीवरचं चाक ओढतं. त्यामुळे लॉकवाली गाडी मिळत असेल तर थोडं जास्त मोजायला हरकत नाही. डीआय इंजिनची थार आणखी साधी, पण ६३ अश्वशक्तीवर लांबचा हायवे जड जातो. शेतावरच वापरायची असेल तर ठीक.

टाटा सफारी २.२ डायकॉर, सफारी स्टॉर्म आणि स्कॉर्पिओ यांच्या फोर बाय फोर आवृत्त्या थारपेक्षा कमी भावात मिळतात. सात माणसं, एसी, हायवेवर आराम. लडाखचं ठरवणाऱ्या कुटुंबाने या जरूर बघाव्यात. अडचण अशी की बहुतेक मालकांनी फोर बाय फोरचं बटण वर्षानुवर्षं फिरवलेलंच नसतं. न वापरल्याने ट्रान्सफर केसवरची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवरची) छोटी मोटर जाम होते. विकणारा "कधी वापरलीच नाही, नवीकोरी आहे" असं कौतुकाने सांगतो, तिथेच सावध व्हा.

गुरखा (२०१३ नंतरची, फोर्सची). पुढे आणि मागे दोन्ही डिफला लॉक कंपनीकडूनच, स्नॉर्केलही (पाण्यातून जाताना इंजिनला वरून हवा देणारी नळी) कंपनीचं. मर्सिडीजच्या जुन्या घडणीचं २.६ लिटर इंजिन चिवट आहे, पण संथ. खऱ्या अवघड वाटांसाठी या भावात हिच्या तोडीचं काही नाही. मात्र जुन्या गुरखा कमी आहेत आणि काही भागांसाठी वाट बघावी लागते.

डस्टर एडब्ल्यूडी (चारही चाकं ओढणारी, २०१४ नंतरची) घरच्या वापराला उत्तम, मागचं सस्पेन्शन स्वतंत्र असल्याने खड्ड्यांतूनही आरामात जाते. हिला लो गिअर (हळू चालून जास्त जोर देणारा खालचा गिअर) नाही, हे मात्र आधी समजून घ्या. कच्चा रस्ता, बर्फ, थोडा चिखल चालतो. दगडांवरून चढवायची गाडी ती नव्हे.

लिलावातले लष्करी जीप-जोंगे बघून ज्यांचं मन पाघळतं त्यांना एवढंच सांगतो: आरसी नावावर होण्याजोगी नसेल तर हात लावू नका.

खाली शिरल्यावर काय बघायचं

चासीपासून सुरुवात करा. मागचे पाटे जिथे चासीला टांगलेले असतात ती जागा गंजाची लाडकी, कारण चिखल तिथे अडकून राहतो. लहान हातोडीने चासी ठोकत जा. निरोगी लोखंड खणखणीत वाजतं, खाल्लेल्या जागी आवाज बद्द येतो. तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा, आत गेलं तर सौदा तिथेच संपला. संपूर्ण तळाला नुकताच काळा रंग मारलेला असेल तर तो कशासाठी मारला हे विचारा आणि दुप्पट वेळ ठोका. कोकणातल्या गाड्या जास्त काळजीने बघा. खाऱ्या हवेने गंज लवकर चढतो, आणि गाडी किनाऱ्यावरच्या वाळूत फिरवून न धुता ठेवलेली असेल तर ब्रेकच्या नळ्यासुद्धा कुजलेल्या निघतात.

मग ऑइल. पुढचं हाऊसिंग, मागचं हाऊसिंग (ज्यांच्या आत डिफ असतं ती खोकी), ट्रान्सफर केस, तिन्हींचे भरायचे बोल्ट उघडून आत बोट घाला. ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी खोल पाण्यातून गेली आहे आणि नंतर कुणी ऑइल बदललेलं नाही. त्यात चकाकणारे कण दिसले तर क्राऊन-पिनियन (डिफचे दातेरी गिअर) किंवा बेअरिंग झिजतंय. हे काम पाच मिनिटांचं आहे, तरी बहुतेक खरेदीदार ते करत नाहीत. विकणारा बोल्ट उघडू देत नसेल तर गाडी त्यालाच लखलाभ.

प्रॉपेलर शाफ्ट हाताने धरून उलटसुलट पिळा, क्रॉसमध्ये (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यात) ढिलेपणा असेल तर लगेच कळतो. चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. जिप्सीत पुढच्या नकलच्या (चाक वळतं त्या सांध्याच्या) गोळ्यावरून ग्रीस-ऑइल ओघळतंय का बघा, सील गेलेलं असेल तर आत पाणी गेलेलं असू शकतं.

आता फोर बाय फोर खरंच जोडली जाते का ते तपासायचं. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विश्वास ठेवू नका. महिंद्राच्या बऱ्याच गाड्यांत पुढची हब (चाकं शाफ्टला जोडणारे भाग) व्हॅक्यूमवर लागतात. रबरी नळी फाटलेली असली तर दिवा लागतो आणि पुढची चाकं नुसती घरंगळतात. मुरुमाच्या मोकळ्या मैदानात जा. टू व्हीलवर स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, गाडी सहज फिरेल. मग फोर हाय (चारही चाकं, नेहमीचा गिअर) लावून तसंच फिरवा. पुढचं हाऊसिंग खरंच जोडलं गेलं असेल तर गाडी अडखळते, कुणीतरी मागे धरल्यासारखी ओढते. याचं कारण असं की वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि या गाड्यांत मध्ये डिफ नसल्याने तो फरक सोसायला जागा नसते. गाडी आधीसारखीच अलगद फिरली तर फोर बाय फोर लागलेली नाही. ही चाचणी डांबरावर करू नका, आणि गाडी घेतल्यावरही कोरड्या डांबरावर फोर हाय लावून पळवू नका. तो ताण ट्रान्सफर केसच्या चेनवर आणि गिअरवर येतो.

फोर लोची (चारही चाकं, लो गिअर) चाचणी चढावर. पहिला गिअर, पाय एक्सलेटरवरून काढलेला, डिझेल गाडी नुसत्या आयडलवर सरसर वर गेली पाहिजे. मग उतारावर पायाने ब्रेक न दाबता येऊ द्या. मध्येच लिव्हर उडून गिअर सुटला तर ट्रान्सफर केस उघडावी लागणार. तो खर्च धरूनच भाव बोला.

इंजिन थंड असतानाच सुरू करून बघा. तुम्ही पोचायच्या आधीच बॉनेट गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. भकभक धूर येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंग-पिस्टनचं काम. निळा धूर ऑइल जळतंय असं सांगतो, गरम झाल्यावरही जात नसलेला पांढरा धूर इंजेक्टर किंवा हेड गॅस्केटकडे बोट दाखवतो. मीटरच्या किलोमीटरवर जाऊ नका. क्लचच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिलई आणि ड्रायव्हर सीटची कड यांवरून गाडी किती चालली ते खरं कळतं.

पुरात बुडालेली गाडी

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं, तेव्हा शेकडो गाड्या बुडाल्या. त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. पुढची गोष्ट करायला विसरू नका: सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आत गुंडाळून राहणाऱ्या पट्ट्यावर चिखलाची आडवी रेघ सापडते, तिथपर्यंत धुणारा सहसा पोचत नाही. सीटचे रूळ, गालिच्याखालचा पत्रा आणि डॅशबोर्डखालच्या वायरींचे सॉकेट बघा. सॉकेटमध्ये हिरवट बुरशी असेल तर सीआरडीई गाडी तुम्हाला आज सेन्सर, उद्या ईसीएम (इंजिनचा संगणक) असं छळत राहील.

कागद

आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष ठोकलेल्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळवा. आरसीवर फोर बाय फोर मॉडेलचीच नोंद आहे ना, हेही बघा; टू व्हीलच्या गाडीला खालून भाग जोडून "फोर बाय फोर" केलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. थकलेली ई-चलनं परिवहनच्या साइटवर दिसतात, ती विकणाऱ्याकडून भरून घ्या.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर आरटीओकडे तपासणी, पर्यावरण कर आणि पुढे दर पाच वर्षांनी पुन्हा तेच. पंधरा वर्षं भरत आलेली गाडी स्वस्त वाटते ती यामुळेच. दिल्लीकडे जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या सफारी, स्कॉर्पिओ आपल्याकडे मोठ्या संख्येने येतात. पत्रा बरा असतो, पण तिकडच्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) आणि इथला कर भरून एमएच नंबर मिळेपर्यंत विकणाऱ्याला पूर्ण पैसे देऊ नका.

सजवलेल्या गाड्यांबद्दल

मोठे टायर, उचललेलं सस्पेन्शन, लोखंडी बंपर, छतावर दिवे. फोटोत छान दिसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असे फेरफार चालत नाहीत, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर अडवते. यांत्रिक बाजूही वाईटच. मोठ्या टायरने गिअरिंग बिघडतं, चाकांची बेअरिंग आणि स्टिअरिंगचे जॉइंट लवकर जातात, ब्रेक कमी पडतो. आम्ही कंपनीच्याच मापाचे ऑल-टेरेन टायर सुचवतो. जांभ्या दगडाच्या धारेने टायरची बाजू कापते, म्हणून बाजूचा थर जाड असलेला टायर घ्या. वाळूत हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा, बाहेर आल्यावर पुन्हा भरा. छोटा कंप्रेसर आणि ओढायचा पट्टा एवढं सामान दिव्यांच्या खर्चापेक्षा कमीत येतं.

जिप्सी आणि जुन्या थारमध्ये एअरबॅग नाहीत, थारला एबीएस आलं ते शेवटी शेवटी. मागची बाकं बाजूला तोंड करून बसायची आहेत. मुलांना त्या बाकावर बसवून घाटातून नेऊ नका, कितीही हट्ट केला तरी. समोर तोंड करून, बेल्ट लावून बसता येतील तेवढीच माणसं घ्या. कुटुंबासाठी गाडी हवी असेल तर याच कारणासाठी आम्ही थारऐवजी सफारी किंवा डस्टरकडे वळवतो.

अभयारण्य आणि राखीव वनात परवानगीशिवाय गाडी घालू नका, सड्यांवरही (डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारांवर) चढवू नका. कासच्या पठारावर फुलतात तशी फुलं अशाच पातळ मातीच्या थरावर येतात, आणि चाकाची एक चाकोरी तिथे कितीतरी पावसाळे भरून येत नाही.

गाडी तपासून हवी असेल तर सौदा पक्का होण्याआधी, टोकन देण्याआधी आणा. सकाळी लवकर, आदल्या रात्रीपासून बंद असलेली, न धुतलेली. सोबत आरसी, विमा आणि पीयूसी असू द्या. पिटवर दीड-दोन तास लागतात, त्यानंतर मुरुमावरची फेरी. तुम्ही स्वतः थांबा आणि आमच्याबरोबर खाली उतरा, काय बघतोय ते दाखवत जातो. विकणाराही सोबत आला तर उत्तम, भाव तिथल्या तिथे बोलता येतो.