भाड्याने हॉस्पिटल बेड मागवायच्या आधी एवढं वाचा (पॅरालिसिसच्या पेशंटच्या घरच्यांसाठी)

फोन येतो तो बहुतेक डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळी, फाइल अजून इन्शुरन्सवाल्यांकडे अडकलेली असते आणि मिस्टरांना किंवा मिसेसना रात्रीपर्यंत घरी न्यायचं असतं, बेड लगेच पाठवा. आमची ना नाही, पण त्या वेळी घोडबंदर रोडला टेम्पो घालायचा म्हणजे काय ते ठाणेकरांना सांगायला नको. दोन दिवस आधी कळवलंत तर पेशंट यायच्या आत जोडून जातो.

पण खरा घोळ होतो तो बेडच्या जागेचा. आम्ही फोनवर विचारतो की कुठली बाजू गेलीय, डावी की उजवी, तर लोकांना वाटतं ह्यांना काय करायच्यात चौकश्या. अहो, पेशंटला उतरवायचं असतं ते शक्यतो चांगल्या बाजूने, व्हीलचेअर पण तिकडेच लागते. उजवी बाजू गेली असेल तर त्यांच्या डाव्या हाताला मोकळी जागा पाहिजे (फिजिओने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका). आणि नेमकं आमची मुलं जोडायला घेतात तेव्हा कोणीतरी म्हणतं उत्तरेला डोकं नको, मग त्याच भिंतीला बेड उलटा लावतात, म्हणजे चांगली बाजू गेली भिंतीकडे, आणि दोन दिवसांनी फोन की बेड बरोबर नाही, उठवताच येत नाही. दिशा पाळा की, आमच्या घरी पण पाळतात, फक्त मग बेड समोरच्या भिंतीला लावा. साडेसहा फुटी बेड छोट्या खोलीत जागच्या जागी वळत नाही, सोडून परत जोडावा लागतो, त्याचे पैसे आम्ही वेगळे घेतो कारण दोन माणसांचा अर्धा दिवस त्यात जातो. बेड वर-खाली करायचं हॅन्डल पायाकडे असतं, तिथेही उभं राहण्यापुरती जागा सोडा.

उठवताना लुळा हात धरून ओढू नका, खांदा निसटतो. पेशंटच्या कमरेला बांधून उठवायचा पट्टा मिळतो आमच्याकडे, बायकोने एकटीने नवऱ्याला उभं करायचं तर तो घ्याच, स्वतःची कंबर गेली तर मग दोघांचं कोण करणार.

एअर बेडवर (म्हणजे पंपावर चालणारी हवेची गादी) एक पातळ चादर बास, गोधडी नको, आणि पंपाचा आवाज येतो म्हणून रात्री बंद करू नका. पंप चालू असला तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच, नाहीतर बेडसोर होतात.

विकत घ्यावा का असंही विचारतात. सुधारणा जास्त दिसते ती पहिल्या ३ ते ६ महिन्यांत, पुढेही होते पण हळू, त्यामुळे आधी भाड्यानेच घ्या, पेशंट चालायला लागला की बेड नुसती जागा अडवतो. डिपॉझिट बेड परत आला की त्याच दिवशी देतो. ऑर्डर देताना खोलीचा फोटो, दाराची रुंदी आणि कुठली बाजू गेलीय एवढं व्हॉट्सअ‍ॅप करा, लिफ्ट छोटी असेल तर तेही सांगा.