काकडा, पंप आणि पिन

पितळेचा तो डबा परळच्या घरी ओट्यावर ठेवला तेव्हा आईने चष्मा वर सरकवून त्याच्याकडे नीट पाहिलं. "अरे, हा तर प्रायमस! पण याचा पंप कुठाय?"

डबा म्हणजे स्वेआ १२३ नावाचा छोटा स्टोव्ह. स्वीडनमध्ये १९५५ साली बाजारात आलेला, वजनाला अर्ध्या किलोच्या आसपास, टाकीत जेमतेम अर्धा कप इंधन मावणारा. मित्राच्या काकांकडून हिमालयातल्या ट्रेकसाठी उसना आणला होता. आईने लालबागच्या चाळीत पंधरा वर्षं पंपाच्या स्टोव्हवर स्वयंपाक केलेला. काकडा, पंप आणि पिन ही तिची तीन आयुधं. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. ते शोधताना कळलं, की या तिन्ही वस्तूंच्या मागे एकेक भौतिकशास्त्राचा धडा दडलेला आहे.

मुळात रॉकेल जळत नाही, त्याची वाफ जळते. पेट घेण्याइतकी वाफ पृष्ठभागावर जमायला रॉकेल साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापावं लागतं. पेट्रोलला तेवढी वाफ उणे ४० अंशांनाही सुटते, म्हणून त्याची भीती वेगळी. रॉकेल पूर्ण उकळायचं म्हटलं तर दीडशे अंशांच्या पुढे सुरुवात होते आणि शेवटचा भाग उडायला तीनशेच्या जवळ जावं लागतं, कारण ते एक द्रव्य नाही, लहानमोठ्या अनेक हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे. चिमणीत किंवा कंदिलात वात हे तेल ज्योतीपाशी नेते, तिथे त्याची वाफ होते, पण वाफेत हवा आधी मिसळलेली नसते. कार्बनचे कण अर्धवट जळून तापतात आणि पिवळे चमकतात. उजेडाला ते छान. स्वयंपाकाला मात्र वाईट, कारण तेच कण काजळी होऊन भांड्याच्या बुडाला बसतात.

१८९२ साली स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने यावर जो तोडगा काढला, तो मला आजही चलाख वाटतो. त्याने तेलाची नळीच ज्योतीच्या पोटातून फिरवली. ज्योत नळी तापवते, नळीत तेलाची वाफ होते, वाफ जेमतेम पाव ते एक तृतीयांश मिलिमीटरच्या भोकातून वेगाने बाहेर पडते आणि जाताना आजूबाजूची हवा ओढून घेते. हवा आधीच मिसळल्यामुळे ज्योत निळी होते, काजळी धरत नाही. म्हणजे ज्योत स्वतःचं जेवण स्वतःच शिजवते. त्या स्टोव्हचं नाव प्रायमस, लॅटिनमध्ये 'पहिला'. आपल्याकडे हे नाव इतकं रुळलं, की कुठल्याही कंपनीचा पंपाचा स्टोव्ह प्रायमसच झाला.

हवा किती लागते याचा अंदाज सहसा येत नाही. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल उष्णता लागते. एक ग्रॅम रॉकेल जळलं की ४३ किलोज्यूल मिळतात, आणि त्यातली निम्मी भांड्याला लागली असं धरलं तर लिटरभर पाण्याला १५ ग्रॅम रॉकेल पुरतं, म्हणजे चार चमच्यांहून थोडं कमीच. पण त्या १५ ग्रॅमना जळायला पंधरा पट वजनाची हवा लागते. तिचं आकारमान काढलं तर १९० लिटर होतं: घरातल्या एकदारी फ्रिजच्या पोटात मावेल इतकी. यातली बरीचशी हवा पंख्याशिवाय, विजेशिवाय, फक्त त्या बारीक भोकातून निघणारी वाफ ओढते. स्टोव्हची ती भर्रर्र घरघर याच मिसळणीची आहे.

अडचण एकच. ज्योत पेटायला वाफ हवी आणि वाफ व्हायला ज्योत. ही गाठ सोडवतो काकडा. स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा नळीला अडकवून पेटवायचा, मिनिट-दीड मिनिट थांबायचं, नळी तापली की दोन-चार पंप मारायचे. घाई केली तर न तापलेल्या नळीतून तेलाचे थेंब तसेच उडतात आणि हातभर पिवळा भडका होतो. "स्टोव्ह भडकला" म्हणत तेव्हा बहुतेक वेळा एवढंच झालेलं असे. (सगळ्याच वेळा नाही. 'स्टोव्हचा भडका' या दोन शब्दांखाली या शहरात किती सुनांचे मृत्यू झाकले गेले, हे जुनी वर्तमानपत्रं चाळणाऱ्याला सांगायला नको.) स्वेआमध्ये काकड्याचं काम टाकीच्या माथ्यावरची एक खोलगट वाटी करते. तिच्यात थोडं इंधन ओतून पेटवायचं.

आता आईच्या प्रश्नाकडे. साध्या तापमानाला रॉकेलच्या वाफेला दाब असा नसतोच, म्हणून टाकीत हवा भरून तेल वर ढकलावं लागतं. तेल कमी झालं की हवेला जागा वाढते, दाब उतरतो, ज्योत मंदावते आणि पुन्हा पंप मारावा लागतो. स्वेआ चालतो शुद्ध केलेल्या, पेट्रोलसारख्या हलक्या इंधनावर. त्याची वाफ हाताच्या उबेनेसुद्धा दाब धरते: टाकी दोन्ही तळव्यांत धरून चावी किंचित सोडली, तर इंधन आपसूक वर येऊन वाटीत उतरतं. एकदा पेटला की बर्नरची उष्णता पितळेतून खाली टाकीत येते, दाब वाढतो, ज्योत मोठी होते, आणखी उष्णता खाली येते. पंप लागत नाही तो याचसाठी. पण हे चक्र आवरलं नाही तर अंगावर येतं. वारा अडवायला म्हणून चारी बाजूंनी पत्रा घट्ट लावला की टाकी फार तापते, बुचातली सुरक्षा झडप उघडते आणि बाहेर आलेली वाफ पेट घेते. झडप नसती तर टाकी फुटली असती, त्यामुळे तिला शिव्या देण्यात अर्थ नाही.

पंपाचा जीव असतो चामड्याच्या वाटीसारख्या वायसरमध्ये. वाळला की आक्रसतो, मग पंप नुसताच खालीवर होतो, हवा जात नाही. आई त्यावर गोडेतेलाचे दोन थेंब सोडायची. चामड्याचा हाच स्वभाव अंटार्क्टिकात महागात पडला. दक्षिण ध्रुवावर नॉर्वेचा अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ला पोचला, ब्रिटनचा स्कॉट पुढच्या जानेवारीत. दोघांकडेही प्रायमसच होते. वाटेतल्या साठ्यांवर ठेवलेल्या स्कॉटच्या रॉकेलच्या डब्यांची बुचं चामड्याच्या वायसरची होती. थंडीत ते निकामी झाले आणि परतीच्या वाटेवर डबे उघडले तर तेल कमी निघालं. अमुंडसेनने आपल्या डब्यांना डाग देऊन ते पक्के बंद केले होते. स्कॉट आणि त्याचे साथीदार मेले ते केवळ रॉकेलावाचून असं म्हणणं अतिसोपं होईल. भूक, थंडी, स्कर्व्ही अशी कारणं बरीच सांगितली जातात. पण तिथे तेल नाही म्हणजे पाणीही नाही. बर्फ नुसता वितळवायलाच किलोला ३३४ किलोज्यूल लागतात, उकळणं त्यापुढे. लिटरभर पाण्याचा खर्च दुपटीहून वर जातो.

उरली पिन. तापलेल्या नळीत रॉकेलचे मोठे रेणू तुटतात आणि कार्बनची पुटं भोकाशी साठतात. भोकाचा व्यास निम्मा झाला तर वाफ निम्मी नाही, पाव होते, म्हणून जरासा कचराही लगेच जाणवतो. पण पिन दांडगाईने मारली तर भोक मोठं होतं, वाफ जास्त आणि हवा अपुरी, की पुन्हा पिवळी ज्योत. स्वेआच्या नंतरच्या नमुन्यात पिन आतच बसवलेली आहे, चावी फिरवली की भोक साफ. त्यात गाडीचं पेट्रोल घालायचा मोह होतो. त्यातल्या मिसळद्रव्यांनी मात्र नळी लवकर चोंदते.

एवढी कटकट आज कशाला, गॅसचा छोटा डबा न्यावा की! सह्याद्रीत मीही तोच नेतो. कळसूबाईच्या १,६४६ मीटरवर पाणी साधारण ९४-९५ अंशांनाच उकळतं, डाळ थोडी रेंगाळते, बाकी काही बिघडत नाही. पण डब्यातला ब्युटेन वायू उणे अर्ध्या अंशाला उकळतो. त्याहून थंडीत तो डब्यात द्रव होऊन बसून राहतो. प्रोपेन मिसळला की थोडं निभावतं, पण तो आधी उडून जातो. पंपाच्या स्टोव्हला दाब बाहेरून दिलेला असतो, त्याला थंडीची पर्वा नाही. २९ मे १९५३च्या पहाटे एव्हरेस्टवर सुमारे साडेआठ हजार मीटर उंचीला हिलरीचे बूट गोठून लाकूड झाले होते. त्याने ते जवळपास दोन तास स्टोव्हच्या ज्योतीवर धरून मऊ केले आणि मग तो आणि तेनसिंग शिखराकडे निघाले.

तंबूत मात्र स्टोव्ह पेटवायचा नाही. भांड्याच्या गार बुडाला ज्योत टेकली की तिथे जळणं अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, जो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. १९३४च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकात बर्फाखालच्या झोपडीत एकटा राहिलेला अमेरिकेचा रिचर्ड बर्ड शेगडीच्या अशाच धुराने मरणाच्या दारात जाऊन आला. वास नाही, रंग नाही, नुसती डोकेदुखी, आणि ट्रेकमध्ये डोकं दुखलं तर आपण ते उंचीवर ढकलतो.

आणखी एक गोष्ट मुंबईकरांसाठी. रात्रीच्या कसारा लोकलमध्ये सॅकच्या खिशात रॉकेलची किंवा पेट्रोलची बाटली घालून जाणं हा गुन्हा आहे. १९८९च्या रेल्वे कायद्यात यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आम्ही स्वेआ रिकामा करून, दोन दिवस ग्यालरीत उघडा वाळवून मगच गाडीत चढवला आणि इंधन पोचल्यावर घेतलं.

निघायच्या आधी ग्यालरीत त्याच्यावर चहा केला होता. आई शेजारी उभी. चहा झाल्यावर टाकीत इंधन भरायला मी बूच धरलं, तर तिने माझा हात मागे ओढला आणि आधी स्वतःचा तळवा टाकीवर टेकवला. लालबागला तिचा तोच नियम होता, दहापर्यंत मोजेस्तोवर हात ठेवता आला तरच बूच उघडायचं. चारला तिने हात काढला. आम्ही कप विसळून येईपर्यंत स्टोव्ह तसाच राहिला.