थकवा, मिठाची ओढ आणि काळवंडणारी त्वचा

लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधले डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली अकरा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली; पुढे हा आजार ‘ॲडिसनचा आजार’ म्हणूनच ओळखला गेला. अशक्तपणा वाढत जायचा, अन्नावरची वासना उडायची, नाडी क्षीण लागायची आणि कातडी काळपट पडत जायची. शवविच्छेदनात मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या दोन लहानशा ग्रंथी बिघडलेल्या आढळल्या. काहींमध्ये तर क्षयाने पोखरलेल्या. या अधिवृक्क, म्हणजेच ॲड्रीनल ग्रंथींचं काम काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

एकेका ग्रंथीचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. आतल्या गाभ्यात तयार होणारं ॲड्रीनलिन सगळ्यांना माहीत असतं, पण खरा जीव बाहेरच्या थरावर टिकून असतो. तिथलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक आजारपणात रक्तदाब आणि साखर सावरून धरतं. तिथलंच दुसरं संप्रेरक, अल्डोस्टेरॉन, मूत्रपिंडाला सोडियम राखायला लावतं. ते आटलं की मीठ लघवीवाटे निघून जातं, उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि खारट खाण्याची विलक्षण ओढ लागते.

कातडी का काळवंडते? कॉर्टिसॉल कमी पडलं की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक भरमसाट सोडते, आणि तेच त्वचेतल्या रंगपेशींनाही चेतवतं. आपल्याकडे हे ‘ऊन लागलं’ म्हणून सोडून दिलं जातं. तळहाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण नव्याने गडद होऊ लागले आणि सोबत वजनही उतरत असेल, तर सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉलची तपासणी करून घ्यायलाच हवी. पाश्चात्त्य देशांत हा आजार बहुतेकदा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यामुळे होतो. भारतात क्षय हे कारण अजूनही विसरून चालत नाही. उपचार साधे, पण जन्मभराचे: रोज कॉर्टिसॉलच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन आणि बहुधा अल्डोस्टेरॉनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच एका वाटेची. दमा, संधिवात यांसाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं औषध, घेतलं की ग्रंथी स्वतःचं काम थांबवते. गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांमध्येही स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हातपाय मात्र बारीक होतात. मग घाबरून माणूस औषध एका दिवसात बंद करतो, आणि झोपी गेलेली ग्रंथी लगेच जागी होत नाही. तिला कित्येक महिने लागू शकतात. म्हणून डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवायचा.

अशा प्रत्येक रुग्णाने स्टेरॉइड चालू असल्याचं कार्ड खिशात ठेवावं. ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोनचा डोस साधारण दुप्पट करतात. तो कसा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं. उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर थेट रुग्णालय गाठावं. तिथे मोठ्या माणसाला १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाइन लगेच सुरू करतात, रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता.