क्रम कोण लावणार? लोकल-फर्स्ट सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी

‘लोकल-फर्स्ट’ हा शब्द रूढ झाला तो 2019 मध्ये, इंक अँड स्विच या संशोधन गटाच्या निबंधामुळे. मार्टिन क्लेपमन आणि सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की फाइलची मूळ प्रत आपल्याच यंत्रावर राहावी, इंटरनेट नसतानाही काम चालावं आणि तरीही अनेकांना मिळून लिहिता यावं. मागणी जुनीच होती. ती इतकी वर्षं अडली एका पेचापाशी.

दोघांनी एकाच वेळी एकाच परिच्छेदात बदल केले, तर कोणाचा आधी धरायचा? घड्याळांवर विसंबता येत नाही. वेगवेगळ्या यंत्रांवरच्या काही घटनांना आधी-नंतर असं नातंच नसतं, हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1978 मध्येच मांडलं होतं. 1989 मध्ये एलिस आणि गिब्ज यांनी ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशनची रीत सुचवली. तुमचा बदल येईपर्यंत माझा मजकूर तीन अक्षरं पुढे सरकला असेल, तर तुमचा बदलही तीन अक्षरं सरकवून लावायचा. ऐकायला सोपं आहे, पण तीन-चार यंत्रं थेट एकमेकांशी बोलू लागली की हिशेब चुकायचा. छापून आलेल्या कित्येक रीतींत, अगदी ‘सिद्ध’ केलेल्यांतही, पुढे चुका निघाल्या.

1995 मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन संस्थेच्या ज्युपिटर प्रणालीनं मधे सर्व्हर बसवला. तो लावेल तो क्रम. गूगल डॉक्सही त्याच वाटेनं गेलं. माझ्या मते गाडी इथे वळली. हिशेब सोपा व्हावा म्हणून नेमलेला सर्व्हर पुढे मजकुराचा ताबेदारच झाला. गंमत म्हणजे अधूनमधूनच जोडणी मिळणाऱ्या संगणकांसाठीची बायू ही प्रणालीही त्याच सुमारास त्याच संस्थेत तयार होत होती.

2005 मध्ये आलेल्या गिटनं, म्हणजे प्रोग्रामच्या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनानं, प्रत्येकाला पूर्ण प्रत दिली, पण एकाच ओळीवरचे तंटे हातानं सोडवायचे. प्रोग्रामर ते निमूटपणे करतात, इतर कोणी करणार नाही.

2011 मध्ये मार्क शापिरो आणि सहकाऱ्यांनी सीआरडीटी या, वेगवेगळ्या प्रती आपोआप जुळवणाऱ्या रचनांना नाव आणि पक्का पाया दिला. मजकुरात प्रत्येक अक्षराला स्वतःची ओळख मिळते. ‘सतराव्या जागी’ऐवजी ‘या अक्षरानंतर’ अशी नोंद होते, त्यामुळे बदल कोणत्याही क्रमानं पोहोचले तरी सगळ्या प्रती सारख्याच होतात. किंमत पडते ती जागेची, कारण खोडलेल्या अक्षरांच्याही खुणा बहुधा ठेवाव्या लागतात. क्लेपमन यांनी एका शोधनिबंधाच्या लेखनाची नोंद ठेवली, तेव्हा सुमारे 1,05,000 अक्षरांच्या मजकुरामागे जवळजवळ 2,60,000 बदल निघाले. ऑटोमर्ज आणि वायजेएस या सीआरडीटीच्या तयार कोड-लायब्रऱ्यांनी हा भार दाबून बराच हलका केला.

परवानगीचा प्रश्न मात्र अजून अवघड आहे. गटातून काढलेल्या माणसानं ऑफलाइन असताना केलेले बदल काढण्यापूर्वीचे धरायचे की नंतरचे, हे सांगायला मधे सर्व्हर नाही. इंक अँड स्विचचा कीहाइव्ह प्रकल्प सध्या यावरच काम करतो आहे.