मूल्य की जागा? स्लाइस असाइनमेंटमागचा इतिहास

पायथनमध्ये 'अ' ही पाच घटकांची लिस्ट घ्या आणि अ[१:३] = [७, ८, ९] असे लिहा. मोजणी शून्यापासून होते आणि शेवटचा आकडा धरला जात नाही, म्हणून दोन घटक जातात, त्यांच्या जागी तीन येतात, मागचे घटक सरकतात आणि लिस्ट सहा घटकांची होते. हीच ओळ नम्पाय या पायथनच्या अंकगणिती लायब्ररीच्या अ‍ॅरेवर चालवली की आकार जुळत नाही म्हणून एरर येते. आता अ[१:३][०] = ७ लिहून पाहा. लिस्टमध्ये काहीच बदलत नाही आणि एररही येत नाही. नम्पायमध्ये मात्र मूळ अ‍ॅरेतला घटक बदलतो. कंस तेच, आकडे तेच, भाषाही तीच. नव्याने शिकणाऱ्याला वाटते, आपलेच काहीतरी चुकले. त्याचे काही चुकलेले नसते. या एका चिन्हात दोन जुने प्रश्न दडलेले आहेत आणि प्रत्येक पिढीने त्यांची वेगळी उत्तरे दिली आहेत. स्लाइस, म्हणजे अ[१:३] सारखा तुकडा, हे मूल्य आहे की मेमरीतली जागा? आणि उजवी बाजू पूर्ण वाचून होण्याआधी डावीकडे लिहायला सुरुवात करायची का?

यातला दुसरा प्रश्न स्लाइसच्या चिन्हापेक्षाही जुना आहे. आयबीएमने १९६४ साली सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्यातली एमव्हीसी ही सूचना मेमरीचा २५६ बाइटपर्यंतचा तुकडा एका जागेवरून दुसरीकडे नेत असे, तोही डावीकडून उजवीकडे, एकेक बाइट करत. दोन्ही तुकडे एकमेकांवर चढलेले असले आणि नवी जागा एकच बाइट पुढे असली, तर पहिल्या बाइटची प्रत दुसऱ्यात, तीच पुढे तिसऱ्यात, अशी पसरत जाई. असेंब्लीत काम करणाऱ्यांनी हे वागणे कामाला लावले. पहिल्या बाइटमध्ये रिकामी जागा ठेवायची आणि एकाच सूचनेत सगळे फील्ड कोरे करायचे. नियम स्पष्ट लिहिलेला होता, त्यामुळे त्यावर विसंबता येत होते.

हाच एकेक घटकाचा क्रम वरच्या पातळीच्या भाषेत आला तेव्हा मात्र तो टोचू लागला. आयबीएमच्या पीएल/वनमध्ये संपूर्ण अ‍ॅरे एका ओळीत बदलता येत असे. अ‍ॅरेत ४, ८, १२ आहेत आणि सगळ्यांना पहिल्या घटकाने भागायचे आहे. गणित शिकलेला कोणीही १, २, ३ हे उत्तर सांगेल. पीएल/वन पहिला घटक भागून १ करी, आणि पुढच्या घटकांना या नव्या १ ने भागत जाई. उत्तर येई १, ८, १२. भाषेच्या मॅन्युअलमध्ये हे उदाहरणासह बजावून सांगितलेले होते. पण ज्या ओळीचा अर्थ वाचताच वेगळा लागतो, तिच्यासाठी मॅन्युअलमधली सूचना पुरत नाही, असे मला ठामपणे वाटते.

पहिल्या प्रश्नाचे सर्वांत नितळ उत्तर अल्गोल ६८ या भाषेने दिले. 'स्लाइस' ही संज्ञा आणि दोन मर्यादांमधला तो अपूर्णविराम (:), दोन्ही तिथे भेटतात. मेमरीतल्या जागेचा निर्देश करणाऱ्या अ‍ॅरेची स्लाइस घेतली तर हाती येतो तोही जागेचाच निर्देश. मग ती स्लाइस डावीकडे लिहिली काय किंवा दुसऱ्या नावाने धरून ठेवली काय, लिहिणे मूळ अ‍ॅरेतच होणार. नम्पायची स्लाइस नेमकी याच कल्पनेवर चालते.

फोर्ट्रान ९० या भाषेचे मानक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याने दुसऱ्या प्रश्नाचा निकाल लावला: उजवी बाजू पूर्ण काढून होईल, मगच डावीकडे लिहिले जाईल. त्यामुळे अ(२:५) = अ(१:४) लिहिले की घटक एक घर पुढे सरकतात, पहिलाच घटक सगळीकडे पसरत नाही. याची किंमत कंपायलर मोजतो. तुकडे एकमेकांवर चढत नाहीत हे सिद्ध करता आले नाही तर त्याला तात्पुरती प्रत करावी लागते.

सी भाषेने निवड प्रोग्रामरवर सोडली. १९८९ च्या मानकात मेमकॉपी आणि मेममूव्ह अशी दोन फंक्शने आहेत. एकमेकांवर चढलेले तुकडे मेममूव्ह सांभाळते. मेमकॉपीला ते दिले तर काय होईल याची हमी नाही. वर्षानुवर्षे मेमकॉपी पुढच्या दिशेने चालत राहिली आणि चुकीचे वापर खपून गेले. २०१० मध्ये जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीने काही प्रोसेसरांवर वेगासाठी दिशा उलटी केली आणि फेडोरा १४ या लिनक्स प्रणालीवर फ्लॅश प्लेअरचा आवाज बिघडला. दोष वापरणाऱ्या कोडचा होता, पण ऐकणाऱ्याला फक्त खरखर कळत होती.

पायथनची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून लिस्टची स्लाइस उजवीकडे नवी लिस्ट देते आणि डावीकडे मूळ लिस्टमधला पट्टा दाखवते. हा पट्टा लांबीने ताणता येतो, म्हणून अ[२:२] मध्ये घटक घुसवता येतात आणि रिकामी लिस्ट देऊन घटक काढताही येतात. टप्पा असलेली स्लाइस, म्हणजे अ[::२], ही खूण १९९० च्या दशकात अंकगणिती अ‍ॅरेंसाठी, जिम ह्युगनिन यांच्या न्यूमेरिक या नम्पायच्या पूर्वज लायब्ररीच्या गरजेतून आली. लिस्टना ती २००३ मध्ये, पायथन २.३ पासून मिळाली. तिथे एक घर सोडून घटक निवडलेले असतात, तेव्हा ताणायला जागाच नसते; लांबी जुळलीच पाहिजे, नाहीतर एरर. एकाच लिस्टवर दोन नियम दिसतात ते या दोन उगमांमुळे.

न्यूमेरिकमध्ये स्लाइस प्रत देत नसे, मूळ मेमरीकडेच पाहत असे, कारण मोठ्या अ‍ॅरेची प्रत्येक वेळी प्रत करणे परवडणारे नव्हते. ट्रॅव्हिस ओलिफंट यांच्या नम्पायने, ज्याची १.० आवृत्ती २००६ ची, तेच पुढे चालवले. आणि मग पीएल/वनचा जुना प्रश्न परत दारात आला. अ[१:] += अ[:-१], म्हणजे प्रत्येक घटकात त्याच्या आधीचा मिळवायचा, या ओळीत पाच घटक असून सगळे घटक १ असतील तर उत्तर १, २, २, २, २ हवे की १, २, ३, ४, ५? अनेक वर्षे याची हमी नव्हती. चौरस अ‍ॅरेत तिचाच ट्रान्सपोज, म्हणजे ओळी आणि स्तंभ अदलाबदल केलेले रूप, मिळवणारी ओळ तर अधिक फसवी होती: लहान आकारावर बरोबर, आकार वाढला की चूक. छोट्या उदाहरणावर तपासून निर्धास्त झालेल्या माणसाला ही चूक सापडणार कशी?

२०१७ च्या नम्पाय १.१३ मध्ये नियम ठरला: मेमरी सामायिक असली तरी उत्तर ती सामायिक नसल्यासारखेच येईल, म्हणजे १, २, २, २, २. हे वाटते तितके सोपे नव्हते. वेगवेगळ्या टप्प्यांनी चालणारे दोन अ‍ॅरे एखाद्या पत्त्यावर भेटतात का, हे नेमके शोधणे म्हणजे मर्यादित पूर्णांकांचे समीकरण सोडवणे, आणि त्याला कधीकधी अवाजवी वेळ लागतो. म्हणून नम्पाय थोडा शोध घेते आणि खात्री पटली नाही तर प्रत करून मोकळे होते.

'आधी वाचा, मग लिहा' हे धोरण निवडले तरी सगळी कोडी सुटत नाहीत. स्लाइसऐवजी इंडेक्सची लिस्ट दिली, म्हणजे अ[[०, ०, १]] += १ लिहिले, तर शून्याव्या घटकात दोनची भर पडावी असे वाटते. पडते एकाचीच. दोन्ही वेळा जुनेच मूल्य वाचलेले असते, त्यात एक मिळवलेले असते, आणि तेच उत्तर त्याच घरात दोनदा लिहिले जाते. प्रत्येक उल्लेखाची वेगळी भर हवी असेल, तर २०१३ च्या नम्पाय १.८ पासून असलेले 'अ‍ॅड.अ‍ॅट' वापरावे लागते.