साडेतीन सेकंदांचा जोर आणि तासन्‌तास बंद राइड

अमेरिकेत न्यू जर्सीमधला ‘किंग्डा का’ हा रोलर कोस्टर मे २००५ मध्ये सुरू झाला, तेव्हा तो जगातला सर्वांत उंच आणि सर्वांत वेगवान होता. मनोऱ्याची उंची १३९ मीटर, आणि ताशी २०६ किलोमीटरचा वेग अवघ्या साडेतीन सेकंदांत. महिनाही उलटला नव्हता, तोच तो बंद पडला. गाडीला ओढणारा पोलादी दोर ज्या खोबणीतून धावतो, तिथला एक बोल्ट निकामी झाला. नुकसान एवढं मोठं होतं की राइड पुन्हा सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. पुढे जवळजवळ वीस वर्षं बंद-चालू, बंद-चालू हे त्याच्या पाचवीलाच पुजलेलं होतं. २०२४ मध्ये तो कायमचा बंद झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरुंग लावून मनोरा पाडण्यात आला.

एवढा पैसा, एवढे अभियंते, तरी ही यंत्रं सारखी बंद का पडतात? रांगेत ताटकळलेल्या माणसाला हा प्रश्न पडतोच. त्याचं एक उत्तर गणितात आहे. ताशी २०६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ५७ मीटर. हवेचा आणि चाकांचा अडथळा मुळीच नसता, तर या वेगानं सुटलेली गाडी साधारण १६७ मीटर चढली असती. तिला चढायचे होते १३९. मधले २८ मीटर ही सगळी शिल्लक. समोरून येणारा वारा, चाकांचं घर्षण, भरलेल्या आणि अर्धवट भरलेल्या गाडीतला फरक, हे सगळं त्यातूनच भागवायचं. जोर जरा कमी पडला की गाडी माथ्याच्या अलीकडेच थबकते आणि आल्या वाटेनं उलटी खाली येते. याला ‘रोलबॅक’ म्हणतात आणि तो होणार हे गृहीत धरूनच राइड बांधलेली असते.

हा जोर येतो कुठून, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. पंप तेलसदृश द्रव मोठ्या टाक्यांमध्ये ढकलत राहतात. टाकीत दट्ट्याच्या पलीकडे नायट्रोजन वायू असतो, तो दाबला जातो. क्षण आला की व्हॉल्व्ह उघडतात, दाबलेला वायू द्रवाला बाहेर लोटतो, त्या लोटानं अनेक हायड्रॉलिक मोटारी एकदम फिरतात आणि एका अवजड ड्रमवर पोलादी दोर गुंडाळला जातो. दोराला जोडलेली छोटी ओढगाडी प्रवाशांच्या गाडीला खेचत नेते, वेग आला की तिला सोडते, स्वतः ब्रेकवर थांबते आणि पुढच्या फेरीसाठी मागे येते. शक्ती काही सेकंदच लागते, पण ती दिवसभर, फेरीमागून फेरी लागते. दोराचे पीळ झिजतात, द्रव तापतो आणि त्याचा दाटपणा बदलतो, सील गळू लागतात. कॅलिफोर्नियातल्या ‘एक्सेलरेटर’ या अशाच राइडवर सप्टेंबर २००९ मध्ये गाडी सुटताना दोर तुटला आणि उडालेल्या तुकड्यांनी प्रवासी जखमी झाले.

सुटण्याच्या पट्ट्यावर रुळांच्या मधोमध धातूच्या सपाट पट्ट्यांची रांग असते, ते चुंबकीय ब्रेक. चुंबक आणि पट्टी एकमेकांजवळून वेगानं सरकले की पट्टीत विजेचे भोवरे तयार होतात आणि तेच गतीला विरोध करतात. यात घासायला काही नाही, आणि वीज गेली तरी ब्रेक लागतो. गाडी सोडण्यापूर्वी या पट्ट्या खाली जातात, गाडी पुढे गेली की लगेच वर येतात, म्हणजे रोलबॅक झालाच तर गाडी अलगद थांबते. आता प्रत्येक पट्टी खरोखर खाली गेली का, हे सेन्सरनं कळवायचं असतं. सेन्सर आणि त्याच्या समोरचा धातू यांत अंतर काही मिलिमीटरचंच. सततच्या हादऱ्यानं सेन्सर किंचित सरकला, तर पट्टी व्यवस्थित खाली असूनही संगणकाला ‘हो’ ऐकू येत नाही. मग गाडी सुटत नाही.

अशा ‘हो’ची संख्या वाढली की काय होतं पाहा. समजा, राइड चालायला २०० घटक एकाच वेळी ठीक असावे लागतात आणि प्रत्येक घटक ९९.९ टक्के वेळ ठीक असतो. एकेकटा पाहिला तर उत्तमच. पण सगळ्यांचा गुणाकार केला की राइड चालू असण्याची शक्यता ८२ टक्क्यांवर येते. एकही घटक वाईट नाही, तरी जवळजवळ दर पाच तासांतला एक तास बंद. सुरक्षेसाठी सेन्सर वाढवावेत तर थांबण्याची कारणंही वाढतात. मला हा व्यवहार शंभर टक्के मान्य आहे, आणि तो का मान्य करायचा याचं कारण इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स या मनोरंजन उद्यानात घडलं.

तिथल्या ‘स्मायलर’ या कोस्टरवर २ जून २०१५ रोजी एक रिकामी गाडी चाचणीसाठी सोडली होती. वारा जोराचा होता. ती फेरी पूर्ण करू शकली नाही आणि रुळावरच अडकली. रेल्वेप्रमाणे कोस्टरचा मार्गही टप्प्यांमध्ये विभागलेला असतो आणि एका टप्प्यात एकाच वेळी एकच गाडी असते. पुढचा टप्पा मोकळा नाही हे ओळखून संगणकानं प्रवाशांची गाडी रोखून धरली. संगणक बरोबर होता. कर्मचाऱ्यांना मात्र तो नेहमीसारखा खोटा इशारा वाटला. रुळावर किती गाड्या आहेत याचा गोंधळ झाला होता, आणि त्यांनी यंत्रणा डावलून गाडी पुढे सोडली. १६ प्रवाशांची गाडी अडकलेल्या गाडीवर आदळली. दोन तरुणींना प्रत्येकी एक पाय गमवावा लागला. पुढच्या वर्षी उद्यान चालवणाऱ्या कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड झाला. राइड सारखी उगाच थांबते, तेव्हा खरा धोका हाच असतो की चालवणाऱ्यांचा इशाऱ्यावरचा विश्वास उडतो. म्हणून सरकलेला सेन्सर ही किरकोळ तक्रार नव्हे.

दुसऱ्या प्रकारचा बिघाड सेन्सरला दिसतच नाही. तार पुन्हापुन्हा वाकवली की शेवटी तुटते, तसाच पोलादालाही थकवा येतो. एका फेरीचा ताण त्याला सहज पेलतो, पण लाखो वेळा तोच ताण आला की वेल्डिंगच्या कडेला किंवा बोल्टच्या भोकाशी बारीक तडा सुरू होतो. जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यानं एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या चाकांच्या आसांवर प्रयोग करून हे पद्धतशीर मांडलं. आज कोस्टरच्या गाड्या हंगाम संपल्यावर पूर्ण सुट्या करतात. आस आणि चाकांचे सांगाडे रंग खरवडून उघडे करतात, त्यांना चुंबकत्व देतात आणि वरून चमकणारे बारीक लोहकण सोडतात. तड्यापाशी चुंबकीय क्षेत्र बाहेर सांडतं, कण तिथे गोळा होतात आणि अतिनील दिव्याखाली केसाएवढी हिरवी रेघ उजळते. तो भाग बाद.

तरीही काही निसटतं. अमेरिकेतल्या कॅरोवाइंड्स उद्यानात ‘फ्युरी ३२५’ या कोस्टरच्या एका आधारखांबाला आरपार तडा गेलेला ३० जून २०२३ रोजी दिसला, तो एका पाहुण्याला. गाडी जाताना खांबाचा वरचा भाग उघडपणे हलत होता. राइड लगेच बंद झाली, खांब बदलला, आणि ऑगस्टमध्ये ती पुन्हा सुरू झाली.

नव्या राइडमध्ये तेल आणि दोराऐवजी विद्युतचुंबकीय मोटारी येत आहेत. त्यांत दोर नाही, ड्रम नाही, झिजणारे भाग कमी. अमेरिकेत ओहायोतल्या सीडर पॉइंट उद्यानानं आपला जुना ‘टॉप थ्रिल ड्रॅगस्टर’ असाच बदलून घेतला आणि मे २०२४ मध्ये ‘टॉप थ्रिल २’ या नावानं उघडला. आठवडाभरात तो बंद झाला. तक्रार मोटारींची नव्हती, गाड्यांमध्ये बदल करावे लागणार होते. तो अख्खा हंगाम गेला आणि राइड २०२५ मध्ये परत आली. इतक्या टोकाच्या यंत्राची उद्घाटनाची तारीख आधी जाहीर करायची आणि चाचण्या त्या तारखेत कोंबायच्या, ही पद्धत उद्यानांनी सोडावी असं मला ठामपणे वाटतं. निदान काही महिने रिकाम्या आणि वजनं भरलेल्या गाड्या रोज धावू द्याव्यात, त्यांचे सांधे उघडून पाहावेत आणि मगच तिकीट विकावं.